मूळ नक्षत्रावरचा अल्बम: ब्लूज आणि सोल एकत्र नांदले ते कसे

2011 मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी बडी गाय हा नामवंत अमेरिकन ब्लूज गिटारवादक येऊन वाजवून गेला. तेव्हापासून वर्षा-दोन वर्षांनी कुणी ना कुणी मला विचारतंच: ब्लूज म्हणजे नक्की काय रे? आणि सोल म्हणजे? गाण्याच्या ॲपवर एकाच गाण्याला दोन्ही लेबलं कशी काय लागतात? एखाद्या अल्बमविषयी 'पारंपरिक ब्लूजला सोलची जोड' असं लिहून येतं, तेव्हा वाचणाऱ्याने नेमकं काय समजायचं?

व्याख्या सांगत बसलो की समोरचा जांभई देतो. म्हणून मी एकच अल्बम ऐकवतो. 1967 चा, अल्बर्ट किंग या ब्लूज गायक-गिटारवादकाचा 'बॉर्न अंडर अ बॅड साइन'. नावाचा मराठी अर्थ 'मूळ नक्षत्रावर जन्मलेला' असा केला तरी चालेल. मुखपृष्ठावर काळं मांजर, शुक्रवार तेरा तारीख दाखवणारं कॅलेंडर, कवटी, इस्पिकचा एक्का आणि दोन एक्के पडलेले फासे. अपशकुनांचा सगळा बाजार एकाच पाकिटावर.

ब्लूज: तीनतालाची तीन आवर्तनं

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीयांचं गाणं. गुलामगिरी कायद्याने संपली, पण कापसाच्या शेतांवर बटाईची आणि कर्जाची नवी गुलामी आली. त्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला, हे गाणं आकाराला आलं. मिसिसिपी नदीकाठचा सपाट, कापूस पिकवणारा 'डेल्टा' हे त्याचं मोठं माहेर.

त्याचा सगळ्यांत प्रचलित साचा आपल्याला गणिताने चटकन कळतो. चार-चार मात्रांची बारा घरं, म्हणजे 48 मात्रा. तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं. पहिल्या आवर्तनात गायक एक ओळ म्हणतो, साथ षड्जावर बसलेली असते. दुसऱ्यात तीच ओळ पुन्हा, पण साथ मध्यमावर सरकते आणि घरी परतते. तिसऱ्यात नवी ओळ येते, पहिल्या दोन ओळींना उत्तर देणारी, आणि साथ पंचमापर्यंत चढून पायऱ्या उतरत षड्जावर येते. मग पुन्हा पहिल्यापासून. ओळ दोनदा का म्हणायची? ऐकणाऱ्याला दुखणं नीट कळावं म्हणून, आणि गाणाऱ्याला तिसरी ओळ सुचायला वेळ मिळावा म्हणूनही. जात्यावर ओवी सुचत जाते तशीच ही सोय.

दुसरी खूण म्हणजे तिरका स्वर. ब्लूजमधला गंधार धड कोमल नसतो, धड शुद्ध नसतो. त्या दोहोंच्या मधे कुठेतरी तो लोंबकळत राहतो. पियानोवर तो सापडायचा नाही, कारण पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधे काही नसतं. गळ्यातून निघतो, आणि तार खेचली तर गिटारवरही. श्रुतींविषयी ऐकून असलेल्या मराठी कानाला हे समजावून सांगावं लागत नाही. हार्मोनियमवर न सापडणारे स्वर म्हणजे काय, हे इथे घरोघरी भांडून झालेलं आहे.

सोल: चर्चची चाल, संसाराचे शब्द

सोलचं मूळ चर्चमध्ये आहे. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं सामूहिक भक्तिगीत म्हणजे गॉस्पेल. एकाने म्हणायचं, सगळ्यांनी उचलून धरायचं, टाळ्या वाजवायच्या, आणि भान हरपेपर्यंत वर वर जायचं. 1954 मध्ये रे चार्ल्स या गायक-पियानोवादकाने अशाच एका भक्तिगीताच्या अंगाने जाणारं गाणं केलं, फक्त येशूच्या जागी एक बाई आणली. धार्मिक लोक चांगलेच बिथरले. हरिपाठाच्या चालीवर कुणी बैठकीची लावणी म्हटली तर आळंदीत काय होईल, तेच तिथे झालं. पण तरुणांना ते हवं होतं, आणि पुढच्या दहा वर्षांत सोल हा अख्ख्या पिढीचा आवाज होऊन बसला.

दोघांतला फरक एका वाक्यात सांगायचा तर ब्लूजचा माणूस एकटा बोलतो आणि सोलमध्ये माणसाच्या पाठीशी मंडळी उभी असतात. ब्लूज म्हणतो, माझं असं झालं. सोल म्हणतो, ऐकताय ना रे सगळे?

बुलडोझर चालवणारा गवई

अल्बर्ट नेल्सनचा जन्म 1923 चा, मिसिसिपीतला. पोरवयात आर्कान्सात कापूस वेचला. नंतर बुलडोझर चालवला. गडी सहा फुटांच्या वर चांगलाच गेलेला, अंगाने आडवा आणि आवाज मात्र मऊ, म्हणून टोपणनाव पडलं 'मखमली बुलडोझर'. किंग हे आडनाव त्याने नंतर लावलं. बी. बी. किंग हा दुसरा ब्लूजवाला तोवर गाजलेला होता आणि त्याच्या गिटारचं नाव होतं लुसिल. अल्बर्टने आपल्या गिटारचं नाव ठेवलं लुसी. शिवाय आपण बी. बी. चे भाऊ आहोत असंही तो सांगत फिरे. नात्याने ते एकमेकांचे कुणी नव्हते. धंद्यात असली थोडी लबाडी चालते.

हा डावखुरा होता. गिटार मात्र उजव्या हाताने वाजवणाऱ्याची घेऊन ती सरळ उलटी धरायचा, आणि तारा बदलून लावायच्या भानगडीत पडायचा नाही. त्यामुळे बारीक तार वर आणि जाड तार खाली. इतर गिटारवादक बारीक तार वर ढकलून तिरका स्वर काढतात. अल्बर्टला ती खाली खेचावी लागे. ढकलण्यापेक्षा खेचताना जोर जास्त लावता येतो, विहिरीवर पाणी शेंदलेल्या कुणालाही विचारा. त्यात पंजा बुलडोझरवाल्याचा. तार इतकी लांब खेचली जायची की एका स्वरावरून निघून तीन-चार अर्धस्वर ओलांडून ती दुसऱ्यावर पोचायची. सतारीवर पडद्यावरून तार आडवी खेचून मींड काढतात, तीच ही क्रिया. अल्बर्ट किंग पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला गिटारच्या आधी सतार आठवली.

आणखी एक गोष्ट, जी पुढे उपयोगी पडेल. हा माणूस गाताना फारसं वाजवत नसे आणि वाजवताना गात नसे. एक ओळ गळ्याची, तिचं उत्तर गिटारचं. सवाल-जवाब. एका वेळी अनेक तारा छेडून साथ धरणं हा त्याचा प्रांतच नव्हता. म्हणजे त्याच्या संगीतात रिकाम्या जागा भरपूर होत्या.

1966 साली तो 43 वर्षांचा होता. पाच वर्षांपूर्वी एक गाणं बऱ्यापैकी चाललं होतं, मग सामसूम.

उतरत्या जमिनीचा स्टुडिओ

मेम्फिस शहरात मॅकलेमोर अव्हेन्यूवर कॅपिटल नावाचं बंद पडलेलं सिनेमा थिएटर होतं. जिम स्टुअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी 1960 मध्ये ते भाड्याने घेतलं. रेकॉर्डिंगच्या यंत्रासाठी बहिणीने घर गहाण टाकलं होतं. स्टुअर्टमधला 'स्ट' आणि ॲक्स्टनमधला 'ॲक्स' जोडून कंपनीचं नाव झालं स्टॅक्स. खुर्च्या उपटल्या, पण पडद्याकडे उतरत जाणारी जमीन सपाट करायला पैसे नव्हते, ती तशीच राहिली. समोरासमोर समांतर पृष्ठभाग नसल्यामुळे त्या खोलीत आवाजाला वेगळाच खोलपणा आला, असं तिथे वाजवलेले लोक सांगतात. जिथे पूर्वी चणे-फुटाणे... म्हणजे पॉपकॉर्न विकत, तिथे एस्टेलने रेकॉर्डचं दुकान थाटलं. मोहल्ल्यातली पोरं काय विकत घेतात आणि कशावर नाचतात, हे तिला गल्ल्यावर बसून कळे.

या स्टुडिओचा स्वतःचा वादकसंच होता. आज ज्याला 'हाउस बँड' म्हणतात तो. बुकर टी. जोन्स ऑर्गनवर, स्टीव्ह क्रॉपर गिटारवर, 'डक' डन बास गिटारवर, अल जॅक्सन ड्रमवर. दोघे काळे, दोघे गोरे. ज्या शहरात वर्णभेद रोजच्या व्यवहारात भिनलेला होता, त्या शहरात हे लोक दिवसभर एका खोलीत बसून काम करत. बाहेर एकत्र जेवायची पंचाईत. जवळच्या लोरेन मोटेलमध्ये मात्र काळे-गोरे दोघांनाही थारा मिळे, म्हणून स्टॅक्सची मंडळी तिथे जमत आणि गाणी लिहीत. 4 एप्रिल 1968 ला मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली गेली ती याच मोटेलच्या सज्जात.

ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनवाले वेगळे, त्यांना पुढे 'मेम्फिस हॉर्न्स' हे नाव पडलं. पियानोवर अधूनमधून आयझॅक हेझ बसे. त्याला नंतर 'शाफ्ट' सिनेमाच्या गाण्यासाठी ऑस्कर मिळालं. हे सगळे सोलचे कारागीर. त्यांच्यात हा 43 वर्षांचा ब्लूजवाला येऊन बसला.

मिश्रण झालं ते जमिनीत

इथे माझ्या काकांची साक्ष काढतो. काका पन्नास वर्षं तबला वाजवतायत, भजनी मंडळापासून मैफलीपर्यंत. इंग्रजी गाण्यांशी संबंध शून्य. एका रविवारी त्यांना शीर्षकगीत ऐकवलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, मांडीवर बोटं चालू झाली. दोन मिनिटांनी म्हणाले, "खाली तो लेहरा धरलाय रे कुणीतरी."

मी उडालोच. एकल तबलावादनात हार्मोनियमवर किंवा सारंगीवर एकच सुरावट पुन्हा पुन्हा वाजत राहते. तबलजी कुठेही हिंडून आला तरी तिच्या आधाराने समेवर पोचतो. तो लेहरा. या गाण्यात बास आणि गिटार मिळून अगदी तेच करतात: एक जड, वाकडी, झुलत चालणारी सुरावट सुरुवातीपासून चालू होते आणि गाणं संपेपर्यंत पिच्छा सोडत नाही. तिकडे याला 'रिफ' म्हणतात. मघाशी सांगितलेला 48 मात्रांचा साचा इथे जवळपास बाजूला ठेवला आहे. साथ बहुतेक वेळ षड्जावरच ठाण मांडून आहे, आणि पंचम-मध्यमाची उतरण फक्त ध्रुवपदापुरती येते.

मग काकांनी कपाळाला आठी घातली. "पण टाळी भलत्याच जागी पडतेय." बरोबर. चार मात्रांत पहिली जोरात, असा आपला अंदाज. इथे ड्रमचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर बसतो. चर्चमध्ये टाळ्या अशाच वाजतात. स्टॅक्सवाल्यांनी त्यात स्वतःची एक खोड घातली होती. 1965 मध्ये जेरी वेक्सलर नावाच्या निर्मात्याने स्टुडिओत येऊन, तरुण पोरं हल्ली कशी नाचतात ते स्वतः नाचून दाखवलं. ते बघून क्रॉपर आणि जॅक्सन यांनी दुसरा आणि चौथा ठोका किंचित, अगदी केसभर, उशिरा मारायला सुरुवात केली. ठेका पडत नाही, पण मागे रेलून बसतो. तबल्यात 'वजन' म्हणतात ते हेच.

आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोन? ते झीलकरी. शाहीर पोवाड्याची ओळ टाकतो, मागचे 'जी जी रं जी' करून ती उचलतात. अल्बर्टच्या दोन ओळींमधल्या रिकाम्या जागेत हे लोक दोन-तीन स्वरांचा झटका देऊन गप्प बसतात. गिटारच्या वाटेला जात नाहीत. किती वाजवलं यापेक्षा किती वाजवलं नाही, हे इथे ऐकण्यासारखं आहे.

आता अल्बर्टकडे बघा. तो काय वेगळं करतोय? काहीच नाही. तोच तिरका गंधार, तीच खेचलेली तार, तेच एका ओळीला एक उत्तर. सेंट लुईसच्या दारूच्या अड्ड्यात वाजवत होता तसाच इथे वाजवतोय. अभंग तोच, गवई तोच, बदलला तो ठेका आणि टाळकरी. मिश्रण म्हटलं की दोन्ही रंग घोटून तिसरा रंग होतो असं वाटतं. इथे तसं झालंच नाही. वर ब्लूज अख्खा राहिला, खालची जमीन सोलची झाली. अल्बर्ट तरुणपणी ड्रम वाजवायचा, जिमी रीड या ब्लूज गायकाच्या साथीला बसलेला होता. नवी जमीन पायाखाली आल्यावर त्याचा पाय घसरला नाही, त्याचं कारण मला यात दिसतं.

'मग हा खरा ब्लूज नव्हेच'

हा आक्षेप हमखास येतो, विशेषतः ज्यांनी नुकताच ब्लूज ऐकायला घेतलाय त्यांच्याकडून. आणि पुरावाही सापडतो. शीर्षकगीताचे शब्द विल्यम बेलचे, जो सोल गायक. चाल बुकर टी. जोन्सची, तो तेव्हा बाविशीत. दोघांनी अल्बर्टच्या रेकॉर्डिंगसाठी बसून लिहिलेलं गाणं, डेल्टातल्या कुठल्या पडवीत उगवलेलं नव्हे.

पण गाण्यात माणूस काय सांगतो? रांगायला लागल्यापासून दैव फिरलेलं, लिहिता-वाचता येत नाही, आणि दुर्दैव नसतं तर आपल्या वाट्याला दैव म्हणून काही आलंच नसतं. ही शेवटची कोटी ब्लूजवाल्यांच्या तोंडी आधीपासून होती, बेलने ती अचूक जागी बसवली. ज्योतिषाचं वेड तेव्हा अमेरिकेत जोरात होतं, त्यामुळे नक्षत्राची कल्पना नवी वाटली. आशय जुना, निमित्त ताजं.

शिवाय 'शुद्ध' ब्लूज नावाची वस्तू कधी होती तरी कुठे? 1910 ते 1970 या काळात सुमारे 60 लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेले. गिटारला वीज जोडली गेली, ड्रम आले. त्या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी म्हणालंच असेल की आता संपलं. आपल्याकडे हार्मोनियमवरून जे रामायण झालं ते आठवा.

'हा तर धंद्याचा हिशेब'

होताच. नाकारण्यात अर्थ नाही. साठच्या दशकात तरुण कृष्णवर्णीयांना ब्लूज आजोबांचा वाटू लागला होता. शेतमालकाची, कर्जाची, मान खाली घालण्याची आठवण कोणाला हवी होती? पोरं सोलवर नाचत होती. अल्बर्टला रेडिओवर यायचं होतं, स्टॅक्सला रेकॉर्ड विकायच्या होत्या. एस्टेलच्या गल्ल्यावरून हे स्पष्ट दिसत होतं.

पण नुसता हिशेब असता तर अल्बर्टच्या हातातली गिटार काढून घेतली असती, चार गोड सोल गाणी गळ्यात मारली असती. तसं केलं नाही. खरं तर अल्बममध्ये एक गोड गाणं आहेच: रे नोबल या इंग्रज वाद्यवृंदकाराचं 1934 चं 'द व्हेरी थॉट ऑफ यू'. अल्बर्ट ते मन लावून गातो. मला विचाराल तर अल्बममधली ती सगळ्यांत पुचाट तीन-चार मिनिटं. गिटार गप्प बसवली की काय उरतं, त्याचा नमुना.

'हा अल्बम तरी आहे का?'

काटेकोर बोलायचं तर नाही. मार्च 1966 ते जून 1967 या काळात पाच वेळा स्टुडिओत बसून ही गाणी झाली, त्यांतली बरीच आधी सुटी रेकॉर्ड म्हणून विकली गेली, आणि 1967 च्या ऑगस्टमध्ये अकरा गाणी एका पाकिटात घातली. आज अल्बम म्हणजे पहिल्यापासून एका सूत्रात बांधलेली कलाकृती असं आपण धरून चालतो. हा तसा नाही. दिवाळी अंकात वर्षभराच्या कथा एकत्र याव्यात तसा आहे. एकसंध वाटतो, कारण खोली तीच, चार वादक तेच, आणि गिटारवरचा पंजा तोच.

पुढे काय झालं

त्या वर्षी फार विक्री वगैरे झाली नाही. पण योग्य कानांवर पडला. इंग्लंडात गिटारवादक एरिक क्लॅप्टनने तर आधीच सुट्या रेकॉर्डवर आलेल्या अल्बर्टच्या 'ओह, प्रिटी वुमन'मधला गिटारचा तुकडा जवळपास जसाच्या तसा उचलून 1967 मध्येच आपल्या 'क्रीम' या रॉक बँडच्या 'स्ट्रेंज ब्रू'त वापरला होता, आणि पुढच्या वर्षी क्रीमने शीर्षकगीतच आपल्या अल्बममध्ये घेतलं. 1968 मध्ये अल्बर्ट सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर या रॉकच्या सभागृहात लांब केसांच्या गोऱ्या पोरांपुढे वाजवायला लागला. ज्या तरुण काळ्या श्रोत्यांसाठी ही जमीन बदलली होती, त्यांच्यापेक्षा जास्त गर्दी या पोरांनी केली. ही गोष्ट मला अजूनही नीट पचत नाही.

1983 मध्ये इंग्रज रॉक गायक डेव्हिड बोवीच्या 'लेट्स डान्स'मधली गिटार जगभर वाजली. वाजवणारा स्टीव्ही रे वॉन. पण तार खेचायची ती रीत अल्बर्टची. त्याच वर्षी डिसेंबरात कॅनडातल्या एका टीव्ही स्टुडिओत दोघे शेजारी बसून वाजवत होते. गुरूचे हात बघायला मिळाले तर ते चित्रण चुकवू नका.

ऐकायला कुठून लागायचं

आधी शीर्षकगीत, हेडफोन लावून, फक्त खालचा लेहरा ऐका. दुसऱ्यांदा फक्त ड्रम. तिसऱ्यांदा फक्त अल्बर्टच्या ओळींमधली मोकळी जागा. मग 'क्रॉसकट सॉ' लावा. 1941 मध्ये रेकॉर्ड झालेलं जुनं गाणं, पण इथे अल जॅक्सनने त्याला क्यूबाकडची झाक असलेला ठेका दिलाय. क्रॉसकट सॉ म्हणजे दोघांनी दोन टोकांना धरून ओढायची करवत. गाणं वरकरणी करवतीविषयीच आहे. दादा कोंडके पाहिलेल्यांना यापुढे काही सांगायची गरज नाही.

त्यानंतर 'लाँड्रोमॅट ब्लूज'. बायको कपडे धुवायच्या निमित्ताने वारंवार सार्वजनिक लाँड्रीत का जाते, या संशयावरचं गाणं. नदीवरचा धोबीघाट सोडला तर गोष्ट आपलीच. आणि सगळ्यांत शेवटी, रात्री, 'ॲज द इयर्स गो पासिंग बाय'. इथे ठेका संथ, आणि प्रत्येक खेचलेली तार सुटी ऐकू येते. काकांना हेच सगळ्यांत आवडलं. "याला विलंबित जमतं," एवढंच म्हणाले.

अल्बर्ट 21 डिसेंबर 1992 ला मेम्फिसमध्ये गेला. त्याआधीच, सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, स्टॅक्सचं दिवाळं वाजलं होतं आणि 1989 मध्ये थिएटर पाडलं गेलं. 2003 मध्ये त्याच जागेवर संग्रहालय उभं राहिलं. आत जुन्या स्टुडिओची हुबेहूब प्रतिकृती आहे. या वेळी सपाट जमीन करायला कुणाकडे पैसे नव्हते असं काही नव्हतं. पण त्यांनी ती मुद्दाम उतरतीच बांधली.